लाल शाईच्या नोंदी, दारू आणि रेकॉर्ड ऑफिसातली २५ वर्षांची मुदत

कारगिल युद्धाला २०२४ मध्ये २५ वर्षं झाली. त्या निमित्ताने ठिकठिकाणी मानवंदना झाल्या, वीरपत्नींचे सत्कार झाले. पण याच २५ वर्षांचा आणखी एक हिशेब आहे आणि तो कुठल्याच व्यासपीठावरून मांडला गेला नाही. पेन्शन न मिळता लष्करातून बाहेर पडलेल्या जवानाची कागदपत्रं रेकॉर्ड ऑफिसने २५ वर्षं सांभाळायची आणि त्यानंतर नष्ट करायची, असा लष्कराच्या नियमावलीत नियम आहे, क्रमांक ५९५. मग मागे उरते ती फक्त लाँग रोलमधली त्रोटक नोंद.

आकडेमोड सोपी आहे. २००१ मध्ये घरी पाठवलेल्या जवानाची फाईल २०२६ मध्ये जाणार, २००२ मधल्याची २०२७ मध्ये. आणि ही वर्षं साधी नव्हती. मे ते जुलै १९९९ कारगिल. डिसेंबर २००१ पासून ऑक्टोबर २००२ पर्यंत ऑपरेशन पराक्रम, म्हणजे महिनोन्‌महिने सीमेवर बंदूक रोखून बसणं. आणि या सगळ्या काळात काश्मीरमध्ये राष्ट्रीय रायफल्सच्या तैनाती सुरूच. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे. त्या दिवसांत बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगड, गडहिंग्लज या पट्ट्यातली किती पोरं तिकडं होती, हे आमच्या वाचकांना सांगायला नको.

त्यातले बहुतेक पूर्ण नोकरी करून, पेन्शन घेऊन आले. काही मात्र मधूनच आले. कुणी बाराव्या वर्षी, कुणी चौदाव्या. अशा माणसाची गावातली ओळख एका वाक्यात संपते: "दारूपायी नोकरी घालवली." बायकोच्या माहेरचे तेच म्हणतात, चावडीवरचे तेच म्हणतात आणि लष्कराचा कागदही थोड्या सभ्य भाषेत तेच म्हणतो. दारू आधी लागली की आधी आणखी काही झालं होतं, हे तपासायचं झालं तर त्याला आधार एकच, ती फाईल.

बाहेर पडायचे तीन रस्ते

लष्करातून मुदतीआधी बाहेर काढलं, या एका शब्दात लोक तीन वेगळ्या गोष्टी कोंबतात. पैशाच्या दृष्टीने त्या अगदी वेगळ्या आहेत.

पहिली बडतर्फी. कोर्ट मार्शल होऊन किंवा लष्कर कायद्याच्या कलम २० खाली. यात पेन्शनचा हक्क जातो, खास बाब म्हणून सरकारने काही दिलं तरच. दुसरी म्हणजे डिस्चार्ज, लष्कर नियम १३ खाली. यात तत्त्वतः पेन्शनचा हक्क शाबूत राहतो, पण जवानाला सेवा पेन्शन बसायला १५ वर्षांची सेवा लागते. तेराव्या वर्षी डिस्चार्ज झालेल्याचा हक्क शाबूत आणि हात मात्र रिकामा. ठराविक प्रकरणांत वर्षभरापर्यंतची तूट माफ होऊ शकते, त्यापलीकडे नाही. तिसरी वाट वैद्यकीय. मेडिकल बोर्ड बसतं, जवान सेवेला अपात्र ठरतो आणि अपंगत्व सेवेमुळे आलं किंवा सेवेमुळे वाढलं असं बोर्डाने लिहिलं तर अपंगत्व पेन्शन मिळतं.

एकच जवान, एकच आजार. कंपनीतून तो दुसऱ्या वाटेने बाहेर काढला गेला की तिसऱ्या, यावर त्याच्या घरातली पुढची ४० वर्षं ठरतात. नवऱ्याला पेन्शन नाही म्हणून बायकोला फॅमिली पेन्शन नाही, ईसीएचएसचं कार्ड नाही. शिस्तभंगावरून काढलेला जवान सरकारी नोकरीच्या व्याख्येत 'माजी सैनिक'ही धरला जात नाही, म्हणजे बँकेतली किंवा सरकारी खात्यातली राखीव जागाही गेली.

लाल शाई कशी लागते

कमांडिंग ऑफिसरला छोट्या गुन्ह्यांसाठी कोर्ट मार्शलशिवाय शिक्षा देता येते. लष्कर कायद्याच्या कलम ८० खाली २८ दिवसांपर्यंत कैद किंवा कोठडी. मोठ्या शिक्षेची नोंद जवानाच्या शीटवर लाल शाईने होते, किरकोळ शिक्षेची काळ्या. फौजेत याला सरळ 'लाल एन्ट्री' म्हणतात.

या लाल एन्ट्र्या बहुतेक करून कशाच्या असतात? रजा संपून उशिरा हजर झाला. न सांगता गेला. वरिष्ठाला उलट बोलला. आणि दारू प्यायलेला सापडला. कलम ४८ प्रमाणे नशेत असणं हाच गुन्हा आहे, ड्युटीवर असो वा नसो, ड्युटीवर असेल तर शिक्षा जास्त एवढंच. आता याची गंमत बघा. दारू कँटीनमधून कोट्यावर, स्वस्तात मिळते. थंडीच्या ठाण्यांवर रमचा रिवाज तर जुनाच. एका हद्दीपर्यंत ती रिवाज, पुढे गुन्हा आणि त्याच्याही पुढे आजार. हद्द नेमकी कुठे ओलांडली ते त्या दिवशी समोर कोणता साहेब आहे यावर ठरायचं.

चार लाल एन्ट्र्या झाल्या की 'अनिष्ट जवान' म्हणून डिस्चार्जचा विचार करता येतो, असं २८ डिसेंबर १९८८ च्या लष्कर मुख्यालयाच्या पत्रात आहे. त्याच पत्रात पुढे प्राथमिक चौकशी करा, कारणे दाखवा नोटीस द्या, सेवेचा काळ आणि परिस्थिती बघा, असंही म्हटलंय. प्रत्यक्षात पहिला भाग पाळला गेला, दुसरा कित्येकदा विसरला गेला. चार झाल्या, चला घरी.

यावर सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१५ मध्ये वीरेंद्रकुमार दुबे प्रकरणात स्पष्ट निकाल दिला. चारचा आकडा दुबेंनीही ओलांडला होता. न्यायालय म्हणालं की चार नोंदी झाल्या म्हणजे डिस्चार्ज आपोआप होत नाही. प्राथमिक चौकशी सक्तीची आहे. गुन्ह्याचं स्वरूप किती गंभीर ते बघा, किती वर्षं सेवा केली ते बघा, आणि जवान कुठल्या खडतर ठाण्यांवर, कशा परिस्थितीत राहिला तेही बघा. पेन्शनची सेवा पूर्ण होईपर्यंत त्यांना सेवेत धरावं, मधल्या काळाचा पगार नाही पण पेन्शन द्यावं, असा आदेश झाला.

खडतर ठाणी बघा, हे वाक्य आपल्या विषयासाठी फार मोलाचं. पण त्यावर जास्त विसंबून चालणार नाही. २०१९ मध्ये सतगुरसिंग प्रकरणात त्याच न्यायालयाने वारंवार गैरहजर राहिलेल्या जवानाचा डिस्चार्ज कायम ठेवला. म्हणजे दुबे निकाल दार उघडतो, आत जायचं की नाही ते प्रत्येकाच्या कागदावर. आणि दुबे निकालातही 'या माणसाच्या मनाला काही झालं होतं का' हा प्रश्न थेट विचारलेला नाही. खडतर ठाणं बघा म्हटलंय, त्या ठाण्याने माणसाचं काय केलं ते डॉक्टरकडून तपासून घ्या असं म्हटलेलं नाही.

दुसरी फाईल

ते तपासणारी फाईल वेगळी असते. ती मिलिटरी हॉस्पिटलमध्ये असते.

लष्करात आरोग्याची वर्गवारी 'शेप' या पाच अक्षरांवर चालते आणि त्यातलं पहिलं, एस, मानसिक स्थितीचं. जवान सतत पितोय, हात थरथरतात, झोप नाही, असं दिसलं की त्याला मनोविकार विभागात पाठवतात. कमांडिंग ऑफिसर एएफएमएसएफ-१० नावाच्या फॉर्मवर त्याच्या वागण्याचा अहवाल लिहितो. मग डॉक्टर निदान लिहितात. आणि खरा खेळ इथे आहे, निदानाच्या नावात.

कागदावर मानसिक आजार, चिंता, धसका, पीटीएसडी असं काही आलं तर लष्कराची स्वतःचीच वैद्यकीय मार्गदर्शिका जवानाच्या बाजूने बोलते. युद्धक्षेत्रात, बंडखोरीविरोधी कारवाईच्या भागात, अति उंचीवर किंवा अगदी एकाकी चौकीवर असताना मानसिक आजार सुरू झाला तर तो सेवेमुळे झाला असं मानावं, असं त्यात आहे. घरी मोठं संकट आलेलं असताना कामाच्या निकडीमुळे रजा नाकारली आणि तीन महिन्यांत आजार दिसला, तर सेवेमुळे वाढला असं मानायचीही तरतूद आहे. ज्याने कुणी हे लिहिलं त्याला फौजी आयुष्य माहीत होतं.

पण त्याच जवानाच्या कागदावर 'अल्कोहोल डिपेंडन्स सिंड्रोम', म्हणजे दारूचं व्यसन, एवढंच आलं तर सगळं उलटतं. पेन्शनच्या पात्रता नियमांत लिहिलंय की दारू, तंबाखू, अमली पदार्थ यांच्या अतिरेकातून आलेल्या अपंगत्वाला भरपाई नाही, कारण ही बाब माणसाच्या स्वतःच्या ताब्यातली आहे.

स्वतःच्या ताब्यातली! वैद्यकशास्त्र व्यसनाला आजार म्हणतं ते नेमकं ताबा सुटतो म्हणूनच. आणि लष्कराचे डॉक्टरही त्याला 'सिंड्रोम' हेच नाव देतात. म्हणजे उपचाराच्या कागदावर तो आजार, पेन्शनच्या कागदावर स्वभावदोष आणि कंपनीच्या कागदावर गुन्हा. एकाच माणसाबद्दल तीन खाती तीन वेगळे जमाखर्च लिहितात आणि ताळेबंद कुणीच जुळवत नाही. कॉमर्सच्या पहिल्या वर्षालासुद्धा असं वहीत चालत नाही.

समजा एखाद्या जवानाच्या चौकीवर हल्ला झाला, शेजारचा मित्र गेला. आठ महिन्यांनी तो रोज पिऊ लागला. रजेवरून २० दिवस उशिरा आला, एक लाल एन्ट्री. रोलकॉलला नशेत, दुसरी. डॉक्टरकडे नेलं तेव्हा तोंडाला वास येत होता, म्हणून निदान दारूचं. रात्री काय दिसतं, हे विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. मराठा पलटणीतला गडी साहेबाला "मला भीती वाटते" असं सांगणार कसं? दारूचं नाव लागलेलं त्याला चालतं, भित्रा हे नाव चालत नाही. ही गोष्ट कायद्याच्या कुठल्या पुस्तकात नाही, पण या फायली अशा का दिसतात याचं निम्मं उत्तर तिच्यात आहे.

मेडिकल बोर्डाने नुसतं 'सेवेशी संबंध नाही' असा शिक्का मारायचा, याला न्यायालयांनी बराच चाप लावलाय. २०१३ च्या धरमवीरसिंग निकालापासून तत्त्व ठरलेलं आहे: भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर जवान धडधाकट होता असं धरायचं, आणि आजार सेवेमुळे झाला नाही हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारची. मे २०२५ मध्ये राजुमोन टी. एम. प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्किझोफ्रेनियावरून घरी पाठवलेल्या जवानाला दिलासा देताना, कारणं न लिहिलेलं बोर्डाचं मत टिकणार नाही असं सांगितलं. त्या जवानाची नोकरी १९९८ मध्ये गेली होती. निकाल २७ वर्षांनी आला. पण २०१९ मध्ये नरसिंग यादव प्रकरणात असाच मानसिक आजाराचा दावा त्याच न्यायालयाने फेटाळलाही होता, हे लक्षात ठेवलेलं बरं.

या निकालांत आजार मानसिक होता, दारूचा नव्हता. दारूपुढे 'स्वतःच्या ताब्यातली बाब' ही भिंत अजून उभी आहे. त्यातच २१ सप्टेंबर २०२३ पासून सेवेतून बाहेर पडणाऱ्यांना नवे पात्रता नियम लागू झाले. माजी सैनिकांच्या संघटनांनी त्यांवर हरकती घेतल्या आहेत. पण २०२३ च्या आधी बाहेर पडलेल्यांना जुनेच नियम, हे त्यांच्या घरच्यांनी घाबरून जाण्याआधी समजून घ्यावं.

अमेरिकेने हा गुंता कसा सोडवला

हाच पेच अमेरिकेपुढे व्हिएतनाम युद्धानंतर आला, आणि आपल्यापेक्षा मोठा. तिथे डिस्चार्जचेच पाच दर्जे आहेत, 'ऑनरेबल'पासून 'डिसऑनरेबल'पर्यंत. मधला 'अदर दॅन ऑनरेबल' दर्जा कोर्ट मार्शलशिवाय मिळतो आणि आपल्या लाल एन्ट्रीच्या डिस्चार्जचा तो सख्खा भाऊ म्हणावा असा. दारू, गैरहजेरी, उद्धटपणा यावरून हा शिक्का बसलेले व्हिएतनामचे हजारो सैनिक परतले. पीटीएसडी हे निदान तर अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या पुस्तकात १९८० मध्ये आलं. ज्या आजाराला नावच नव्हतं तो फाईलमध्ये सापडणार कसा?

तिथे दर्जा सुधारून घ्यायची सोय आहे. डिस्चार्जनंतर १५ वर्षांपर्यंत एका मंडळाकडे, त्यानंतर लष्करी नोंदी दुरुस्त करणाऱ्या दुसऱ्या मंडळाकडे. सप्टेंबर २०१४ मध्ये संरक्षणमंत्री चक हेगल यांनी या मंडळांना लेखी सूचना दिली की पीटीएसडीचा दावा असेल तर अर्जाकडे उदारपणे बघा. हेगल स्वतः व्हिएतनाममध्ये लढलेले आणि जखमी झालेले. ऑगस्ट २०१७ च्या पुढच्या सूचनेत चार प्रश्न घालून दिले. गैरवर्तन सौम्य ठरवणारा आजार किंवा अनुभव होता का? तो सेवेत असतानाचा होता का? त्याने हे गैरवर्तन खरोखर सौम्य ठरतं का? आणि डिस्चार्जच्या शिक्क्यापेक्षा त्याचं पारडं जड आहे का?

मला सर्वात महत्त्वाची वाटते ती त्याच सूचनेतली पुराव्याची यादी. कामात अचानक घसरण, घरच्यांशी बिघडलेले संबंध, बदलीसाठी अर्ज, आणि दारू किंवा नशा, या गोष्टी आजाराचा पुरावा म्हणून बघा असं तिथे लिहिलंय. आपल्याकडे जी दारू दावा बुडवते, ती तिथे दाव्याच्या बाजूने साक्ष देऊ शकते. घरच्यांचं आणि मित्रांचं निवेदनही चालतं.

भरपाईतही तेच. नुसत्या दारूच्या व्यसनाला तिथेही भरपाई नाही, १९९० पासून कायदाच तसा आहे. पण २००१ मध्ये ॲलन विरुद्ध प्रिन्सिपी या खटल्यात तिथल्या फेडरल अपील न्यायालयाने फरक केला: सेवेत झालेल्या पीटीएसडीतून दारूचं व्यसन जडलं असेल, तर ते त्या आजाराचाच भाग धरून भरपाई मिळू शकते.

अमेरिकेत सगळं गोड आहे असं नाही. उदारपणे बघा म्हणजे प्रत्येकाचा दर्जा सुधाराच असं नव्हे, हे त्या सूचनेतही आहे. ठरवून केलेल्या गुन्ह्याला आजाराची ढाल सहसा मिळत नाही. तरी तिथे मंडळाला एक प्रश्न लेखी घालून दिलेला आहे आणि आपल्याकडे तो वकिलाला सुचला तर विचारला जातो.

शिस्तीचं काय?

इथे एखादा निवृत्त सुभेदार म्हणेल, आणि त्याचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही, की बाबा, रात्रीच्या पहाऱ्यावर भरलेली रायफल घेऊन प्यायलेला गडी उभा असेल तर सगळी सेक्शन मरते. त्याला ठेवायचा कसा? त्याच चौकीवर, त्याच हल्ल्यात असलेले बाकीचे नऊजण प्याले नाहीत, त्यांचं काय? आणि शांततेच्या ठाण्यावर आरामात राहून चार वेळा रजा लांबवणाराही उद्या "मला धसका बसला" म्हणेल.

पहिल्याला उत्तर असं की ठेवा असं कुणी म्हणत नाहीये. काढाच. फक्त दुसऱ्या वाटेने की तिसऱ्या वाटेने, हे डॉक्टरला विचारून ठरवा. बाकी नऊजणांबद्दल: गोळी एकाला लागली आणि नऊजणांना लागली नाही म्हणून ती खोटी ठरत नाही. तिसऱ्या शंकेवर उपाय म्हणजे तारखा. कोणत्या भागात कधी होता, पहिली लाल एन्ट्री कधीची, त्याआधीची शीट कोरी होती का. आठ वर्षं कोरी शीट, मग खोऱ्यातली तैनाती आणि त्यानंतर १८ महिन्यांत चार एन्ट्र्या, असा क्रम दिसला तर तो क्रमच बोलतो. भरतीपासूनच एन्ट्र्या असतील तर तेही दिसेल. ढोंगी माणूस पकडायलाही दोन्ही फायली शेजारी शेजारी ठेवाव्याच लागतात.

मार्च २०२२ मध्ये सरकारने संसदेत सांगितलं की आधीच्या पाच वर्षांत तिन्ही दलांत ८१९ जणांनी आत्महत्या केल्या, त्यात लष्करातले ६४२. डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या एएफएमसीत सैनिक आणि त्यांच्या घरच्यांसाठी टेलिमानसचा खास कक्ष सुरू झाला. म्हणजे मनाचा आजार असतो हे सरकारला मान्य आहे. मग चार लाल एन्ट्र्यांवर डिस्चार्जचा कागद काढण्याआधी मनोविकारतज्ज्ञाची तपासणी सक्तीची करायला काय हरकत आहे? १९८८ च्या पत्रात एक परिच्छेद वाढवायचा आहे. आणि पात्रता नियमात 'सेवेमुळे झालेल्या मानसिक आजारातून आलेलं व्यसन सोडून' एवढे शब्द. अब्जावधींचा बोजा पडेल अशी ही मागणी नाही.

पैशाचा आकडाही बघू. अपंगत्व पेन्शनचा हिस्सा १०० टक्के अपंगत्वाला शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के असतो. वेतन ३०,००० धरलं तर १०० टक्क्यांना ९,०००. बोर्डाने २० टक्के लिहिलं तर १,८००. पण २०१४ च्या रामअवतार निकालानुसार ५० च्या आतली टक्केवारी ५० धरली जाते, म्हणजे ४,५००. हे महिन्याचे, वर महागाई भत्ता. शेतात राबणाऱ्या बाईच्या घरात साडेचार हजार म्हणजे काय, ते तिला विचारा.

आपल्या भागातल्या घरांनी काय करावं

आधी कागद. फाईल शिल्लक आहे तोवर माहिती अधिकारात रेकॉर्ड ऑफिसकडे अर्ज करून प्रती मागवा. फी १० रुपये, प्रतींचा खर्च वेगळा. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावातच आहे. दुसऱ्या रेजिमेंटचा जवान असेल तर त्या त्या ठिकाणी. नुसतं 'सगळे कागद द्या' लिहू नका. शीट रोल, शिक्षांची नोंद, कारणे दाखवा नोटीस आणि तिचं उत्तर, प्राथमिक चौकशीचे कागद, मेडिकल बोर्डाची कार्यवाही, एएफएमएसएफ-१०, आणि कोणत्या भागात कधी तैनात होता त्याचा तक्ता, असं नाव घेऊन मागा.

डिस्चार्ज सर्टिफिकेट घरात असेल तर तेही काढून वाचा. लष्कर कायद्याच्या कलम २३ प्रमाणे ते जवानाच्या मातृभाषेत आणि इंग्रजीत द्यावं लागतं, सेवा कुणी संपवली आणि का, हे लिहून. आपल्या भागात मराठीतल्या एका सरकारी कागदासाठी किती वर्षं झगडतोय आपण, आणि १९५० चा लष्कर कायदा तो हक्क गाजावाजा न करता देऊन बसलाय. बऱ्याच जणांना इंग्रजीत काय लिहिलंय तेच कळलेलं नसतं आणि डिस्चार्जला ते बडतर्फी समजून गप्प बसलेले असतात.

मग दाद कुठे मागायची. अपंगत्व पेन्शन नाकारलं असेल तर सहा महिन्यांत पहिलं अपील, ते फेटाळलं तर दुसरं, आणि पुढे सशस्त्र दल न्यायाधिकरण. निवृत्त किंवा काढलेला जवान राहत्या ठिकाणच्या खंडपीठाकडे जाऊ शकतो. इथे आपल्या सीमेची नेहमीची कथा. चंदगडचा आणि गोव्याचा जवान मुंबई खंडपीठाकडे. बेळगाव तालुक्यातला, कदाचित त्याच पलटणीतला आणि त्याच चौकीवरचा, कोचीला. कारण कर्नाटक कोची खंडपीठाच्या अखत्यारीत येतं. न्यायाधिकरणाच्या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात रिट करता येते, हे मार्च २०२३ च्या परशोतम दास निकालाने पक्कं केलंय. बेळगावकरांसाठी ते धारवाडला.

उशिराचा प्रश्न सगळ्यांना पडतो. न्यायाधिकरणात जायची मुदत सहा महिन्यांची, सबळ कारण असेल तर उशीर माफ होतो. पेन्शन न देणं हा दर महिन्याला नव्याने होणारा अन्याय मानला जातो, म्हणून जुना दावाही चालतो, पण २००८ च्या तरसेमसिंग निकालाप्रमाणे थकबाकी साधारण मागच्या तीन वर्षांचीच. लाल एन्ट्रीवरच्या डिस्चार्जचं तसं नाही. तो आदेश एकदाच झाला, त्यामुळे २० वर्षं का थांबलात याचं उत्तर द्यावं लागतं. त्या काळातला मानसिक उपचार, इस्पितळात भरती केल्याचा कागद, धारवाडच्या डिमहान्सची जुनी चिठ्ठी असेल तर हे उत्तर देता येतं. नसेल तर अवघड आहे, आणि सगळे खटले जिंकतात असं सांगून पैसे मागणाऱ्यांपासून जपून राहावं.

वकिलाचा खर्च हाच मोठा अडसर. २६ जुलै २०२५ ला राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने 'वीर परिवार सहायता योजना' सुरू केली, तिच्यात सैनिक मंडळांच्या कार्यालयांत कायदा मदत केंद्रं आहेत. आता व्याख्येनेच माजी सैनिक नसलेल्या या माणसाला तिथे खुर्ची मिळते का, हे बेळगावच्या आणि कोल्हापूरच्या सैनिक कल्याण कार्यालयांनी जाहीरपणे सांगावं. नाही म्हणाले तरी एक दार उघडं आहे. १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ मध्ये स्त्रीला आणि मानसिक आजार असलेल्या माणसाला मोफत वकील मिळायचा हक्क आहे, आणि स्त्रीला उत्पन्नाची अट नाही. माणूस गेला असेल तर त्याच्या विधवेने जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जावं. जाताना त्याची तिकडून आलेली जुनी पत्रं घेऊन जावं, तारखेसकट. रजा मागितली होती, मिळाली नाही, झोप लागत नाही, असं एखाद्या आंतरदेशीय पत्रात त्याने लिहिलेलं असेल, तर मेडिकल बोर्डाने न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तेच पत्र आहे.